पाठीमागचा पांढरा दिवा

मुलांनो, मोटारीला पुढे दिवे कशाला असतात, असं विचारलं तर पहिलीतलं पोरही सांगेल, "रस्ता दिसायला!" मागचे लाल दिवे कशाला? "पुढे गाडी आहे, तिनं ब्रेक लावलाय, हे मागच्याला कळायला." हेही तुम्ही पटकन सांगाल. पण त्या लाल दिव्यांच्या शेजारी आणखी एक पांढरा दिवा असतो. एरवी तो झोपलेला असतो. गाडी मागे यायला लागली की तेवढ्यापुरता जागा होतो आणि गाडी पुढे निघाली की पुन्हा डोळे मिटून घेतो. त्याच्याकडे कधी नीट पाहिलंय का? बहुतेक नसेलच पाहिलं. दिवसातून चार-दोन मिनिटं काम करणाऱ्याकडे कोण लक्ष देतो!

आज या दिव्याचीच गोष्ट सांगणार आहे. रिव्हर्स लाइट म्हणतात त्याला. तो बिघडला तर काय होतं, आणि तो दुरुस्त करायला पैशांपेक्षा डोकं कसं लागतं, हे आमच्या लांज्याकडच्या एका जुन्या जीपनं आम्हांला शिकवलं.

आधी आमचा मुलूख कसा आहे ते सांगतो. लांजा हा रत्नागिरी जिल्ह्यातला तालुका. मुंबई-गोवा महामार्ग गावातूनच जातो. त्याचा नंबर आता ६६ आहे, पूर्वी १७ होता. हायवे सोडून भांबेड, प्रभानवल्लीकडे वळा, नाहीतर साटवलीच्या बाजूला जा. रस्ता कधी सरळ असा नाहीच. चढ, उतार, वळण, पुन्हा चढ. घरं वाड्यावाड्यांनी विखुरलेली. खाली पऱ्या, वर जांभ्याचा सडा आणि मध्ये कुठंतरी आपलं कौलारू घर. पाऊस म्हणाल तर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे. जून ते सप्टेंबर सगळीकडे तांबडा चिखल आणि दगडांवर हिरवं शेवाळ.

अशा ठिकाणी जीप म्हणजे घरातलं कर्तं माणूसच. जीपचा जन्म झाला दुसऱ्या महायुद्धात. १९४१ पासून अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या कारखान्यांनी सैन्यासाठी ती हजारोंनी बनवली. चिखल असो की दगडधोंडे, जीप अडायची नाही. कारण इंजिनाची ताकद मागच्या दोनच चाकांना न देता चारही चाकांना देण्याची सोय तिच्यात होती. हीच फोर-व्हील ड्राइव्ह. १९४० चं दशक संपतासंपता आपल्या मुंबईतही महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे जीप हा शब्द खेडोपाडी मराठीच होऊन गेला. गंमत म्हणजे, युद्धातल्या त्या मूळ जीपला पाठीमागे पांढरा दिवा नव्हताच! रणांगणावर उजेड दाखवायचा नसतो, लपवायचा असतो.

आमच्या घरची जीप एवढी जुनी नाही. पण वयानं झालेली आहे. माझ्या वडिलांनी ती घेतली तेव्हाच ती दोन हात फिरून आली होती. आता ती माझा दादा चालवतो. मुख्य गिअरच्या दांड्याशेजारी चार चाकं जोडायचा आखूड दांडा आहे. मे महिन्यात तिच्यातून आंब्याच्या पेट्या जातात, फणस जातात, काजूची पोती जातात. गणपतीत गणपती येतो. लग्नात वऱ्हाड येतं. आणि रात्री-अपरात्री वाडीत कुणाला बरं नसलं की "दादा, जरा जीप काढ" अशी हाक येते. १०८ ची रुग्णवाहिका बोलावली तरी ती खाली डांबरी रस्त्याला थांबते. तिथपर्यंत, नाहीतर थेट लांज्याच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत, माणसाला न्यायचं काम जीपचं.

आता अडचण अशी की, आमच्या अंगणात जीप वळत नाही. एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला पऱ्या. त्यामुळे आली तशीच ती साठ-सत्तर पावलं मागे घ्यावी लागते आणि मग आंब्याच्या बुंध्यापाशी वळवता येते. दिवसा काही नाही. रात्री मात्र मागचं काही म्हणजे काही दिसत नाही. त्यात हे रिव्हर्स लाइट गेल्या पावसाळ्यापासून बंद. मग काय व्हायचं? माझी आई, म्हणजे मुलांची आजी, हातात बॅटरी घेऊन जीपच्या मागे उभी राहायची. "ये... ये... अजून ये... बस!" असं ओरडत ती मागे मागे सरकायची आणि जीप तिच्या पाठोपाठ मागे यायची.

सगळ्यांना याची इतकी सवय झाली होती की त्यात काही वावगं आहे असं वाटेनासं झालं होतं.

जुलैमधल्या एका रात्री शेजारच्या काकूंना दम लागला. पाऊस कोसळत होता. दादानं जीप काढली. आई बॅटरी घेऊन मागे गेली. "ये... ये..." चालू होतं आणि एकाएकी आवाज थांबला. बॅटरीचा उजेडही दिसेना. दादानं त्याच क्षणी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला आणि उडी मारून मागे धावला. शेवाळावरून पाय घसरून आई खाली बसली होती. चाक तिच्यापासून हातभर अंतरावर होतं. तिला काही लागलं नव्हतं. उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "मला काय बघतोस? काकूंना घेऊन जा आधी!"

काकू रुग्णालयात पोचल्या, बऱ्याही झाल्या. पण त्या रात्री घरात कुणाला झोप लागली नाही. ते हातभर अंतर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. दादा एकच वाक्य बोलला, "उद्यापासून जीपच्या मागे कुणीही उभं राहायचं नाही."

पण नुसतं म्हणून कसं भागणार? मागचं दिसायला तर हवं! म्हणजे दिवा पेटायला हवा. दुसऱ्या दिवशी पावसानं जरा उघडीप दिली आणि आम्ही कामाला लागलो. आम्ही म्हणजे दादा, मी आणि सातवीतली माझी पुतणी. तिनं वही-पेन्सिल घेतली होती. तिचं काम काय, ते पुढे कळेलच.

आता बघा हं, दिवा पेटत नाही म्हटलं की कुणीही म्हणेल, "बल्ब गेला असेल." पुतणीनंही तेच म्हटलं. पण लगेच तिनंच विचारलं, "काका, पण दोन्ही बल्ब एकदम कसे जातील?"

शाबास! हाच खरा प्रश्न. दोन दिवे एकाच वेळी बंद पडले तर दोष बहुधा दोघांना सामाईक असलेल्या जागी असतो. तरी आम्ही दोन्ही बल्ब काढून उजेडात धरले. आतली तार शाबूत होती. म्हणजे बल्ब निर्दोष. मग दोषी कोण?

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी पोफळीची बाग आहे त्यांना हे चटकन समजेल. पाटाचं पाणी शेवटच्या पोफळीला पोचत नाही, तेव्हा आपण काय करतो? पोफळीला दोष देत नाही. पाटाच्या कडेकडेनं चालत जातो. इथं पाणी आहे, इथं आहे, इथं आहे... आणि इथं नाही! म्हणजे या दोन जागांच्या मध्येच कुठंतरी खेकड्यानं भोक पाडलंय. विजेचा दोषही अस्साच शोधायचा असतो. फरक एवढाच की पाणी पोफळीच्या मुळाशी पोचलं की त्याचं काम झालं. विजेला मात्र बल्बमधून बाहेर पडून परत बॅटरीकडे यावं लागतं. जायची वाट आणि यायची वाट, दोन्ही सलग हव्यात. एक जरी तुटली तरी दिवा बंद.

पुतणीनं वहीत ही वाट काढली. बॅटरी, मग किल्लीचा स्विच, मग फ्यूज, मग गिअरबॉक्सवरचा स्विच, मग लांब वायर, मग मागचे दोन बल्ब. आणि परतीची वाट? परतीची वायर तिला कुठं सापडेना. सापडणार कशी, ती नसतेच! गाडीचा सगळा सांगाडा लोखंडाचा, म्हणजे विजेला चालणारा. बॅटरीचं एक टोक सांगाड्याला जोडलेलं असतं आणि बल्बचंही एक टोक सांगाड्याला जोडतात. मग सांगाडा हीच परतीची वायर. मिस्त्री लोक याला अर्थ म्हणतात. जुन्या सायकलीच्या डायनामोपासून दिव्यापर्यंत एकच वायर का असायची, याचं कोडं कुणाला पडलं असेल तर त्याचंही उत्तर हेच.

आता गिअरबॉक्सवरचा स्विच ही काय भानगड? घरातला स्विच आपण बोटानं दाबतो. हा स्विच दाबतो गिअर! एखाद्या मोठ्या बोल्टसारखा तो गिअरबॉक्समध्ये आट्यांनी बसवलेला असतो. त्याच्या टोकाला बारीक गोळी असते. ड्रायव्हरनं रिव्हर्स गिअर टाकला की आतली दांडी सरकून त्या गोळीला दाबते. गोळी आत जाते, स्विच जोडला जातो, दिवा पेटतो. गिअर काढला की गोळी बाहेर, दिवा बंद. ड्रायव्हरला वेगळं बटण दाबायची आठवण ठेवावी लागत नाही. किती साधी आणि हुशार युक्ती!

तपासायला आम्ही टेस्ट लॅम्प वापरला. नाव मोठं असलं तरी वस्तू साधी आहे. बारा व्होल्टचा छोटा बल्ब आणि त्याला दोन वायरी. एक वायर सांगाड्याच्या उघड्या लोखंडाला चापानं लावायची, दुसरीच्या टोकाची सुई जिथं तपासायचं तिथं टेकवायची. बल्ब पेटला तर वीज तिथवर आलीय, नाही पेटला तर नाही.

पण त्याआधी एक महत्त्वाची गोष्ट. तपासताना गाडी रिव्हर्समध्ये ठेवावी लागते. म्हणून जीप सपाट जागी उभी केली, इंजिन बंद ठेवलं, हँडब्रेक ओढला आणि चाकांना पुढून-मागून जांभ्याचे चिरे लावले. फक्त किल्ली फिरवली, इंजिन चालू केलं नाही. जीप मुळातच उंच, त्यामुळे जॅक न लावता मला तिच्याखाली सरपटत जाता आलं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मोठ्या माणसानंही कधी जायचं नसतं. आणि मुलांनी तर गाडीखाली जायचंच नाही. पुतणी वही घेऊन पडवीच्या पायरीवर बसली होती आणि मी खालून ओरडेन ते टिपून घेत होती.

"फ्यूजच्या अलीकडे?" "पेटला!" "पलीकडे?" "पेटला!" म्हणजे फ्यूज ठीक.

"गिअरबॉक्सच्या स्विचवर येणारी वायर?" "पेटला!"

"स्विचमधून जाणारी?" मी सुई टेकवली. काळोख. दादानं गिअर काढून पुन्हा टाकला. काळोखच.

"काका, खेकडा सापडला!" पुतणी पायरीवरून ओरडली.

खरंच सापडला होता. वीज स्विचमध्ये शिरत होती, पण बाहेर पडत नव्हती. खात्री करायला मी त्या दोन्ही वायरी स्विचवरून काढून एकमेकींना जोडल्या. म्हणजे स्विचला वळसा घालून वीज थेट पुढे पाठवली. दादा बाजूला उभा राहून मागचे दिवे बघत होता.

"डावा पेटला! लख्ख!" तो म्हणाला. "पण उजवा... उजवा नुसता मिणमिणतोय. आणि हे काय? उजवीकडचे लाल दिवेपण मंद मंद लागलेत!"

ब्रेक कुणी दाबला नव्हता. लाल दिव्याचं बटण बंद होतं. मग लाल दिवे पेटले कसे? भुताटकी?

पुतणी वहीकडे टक लावून बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "काका, विजेला परत जायला वाट मिळाली नाही तर ती दुसऱ्या वाटेनं जाईल का?"

मुलांनो, अगदी असंच झालं होतं. उजवीकडचा पांढरा दिवा आणि लाल दिवे एकाच डबीत बसवलेले. त्या सगळ्यांची परतीची वाट एकच. ती वाट तुटली होती. मग पांढऱ्या दिव्यातून आलेली वीज लाल दिव्यांच्या तारेतून उलटी शिरली, त्यांच्या वायरीनं डावीकडच्या लाल दिव्यांपर्यंत गेली आणि तिथल्या चांगल्या अर्थवरून घरी परतली. साकव वाहून गेला की आपण नाही का लांबच्या वाडीवरून वळसा घालून शाळेत जात? तसंच. पण वळसा घेताना वाटेतल्या प्रत्येक बल्बनं आपापला वाटा घेतला, म्हणून सगळेच मिणमिणते. गेले काही महिने उजवा लाल दिवाही मधूनमधून नखरे करायचा, त्याचाही उलगडा झाला.

म्हणजे दोष एक नव्हता, दोन होते! बंद स्विचमुळे तुटलेला अर्थ झाकून राहिला होता. नुसता स्विच बदलला असता तरी उजवा दिवा काही पेटला नसता.

पहिलं काम स्विचचं. आधी बॅटरीची वायर सोडवली. मग पान्यानं स्विच काढला. गिअरबॉक्सचे दोन-चार थेंब तेल हातावर सांडलं. अंगठ्यानं गोळी दाबून टेस्ट लॅम्प लावून पाहिला. काही केल्या पेटेना. आतले जोड झिजून आणि ओल शिरून निकामी झाले होते. तो जुना स्विच फडक्यात गुंडाळून दादा लांज्याच्या बाजारात गेला. ही एक चांगली सवय बरं का! गाडीचा भाग आणायचा तर जुना बरोबर न्यायचा. आटे जाड की बारीक, गोळी किती बाहेर, हे तोंडी सांगून कळत नाही.

बाजारात ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री भेटले. त्यांनी स्विच हातात घेतला, गोळी दाबून पाहिली आणि म्हणाले, "नवा घाल, पण वायसर जुन्याएवढीच जाड ठेव हां. जाड झाली तर गोळी पोचायची नाय. नि पातळ झाली तर गोळी सारखी दाबलेली ऱ्हवेल. मग पुढं जाताना पण मागं पांढरा दिवा!" एका वायसरच्या जाडीवर दिव्याचं सगळं गणित. दादानं ती मोजूनच आणली.

दुसरं काम अर्थचं. उजव्या डबीतून निघालेली वायर एका स्क्रूनं पत्र्याला आवळलेली होती. स्क्रू काढला तर त्याखाली पत्रा दिसेचना, सगळा तांबडा गंज! पुतणीनं बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "हा तर आपल्या मातीसारखाच रंग."

तिचं बरोबर होतं. हा रंग एकाच घराण्यातला आहे. लोखंडाला हवा आणि पाणी लागलं की त्याचा ऑक्साइड तयार होतो, तोच गंज. आणि आपल्या जांभ्या दगडाचा नि मातीचा तांबडा रंगही लोहाच्या ऑक्साइडमुळेच. लाखो वर्षांच्या पावसानं डोंगरातल्या दगडाचं जे केलं, त्यातलं थोडंसं वीस-पंचवीस पावसाळ्यांनी आमच्या जीपचं केलं होतं. लोखंडातून वीज सहज वाहते, गंजातून मात्र ती जाता जात नाही.

इथं थोडा हिशोब करू या. घाबरू नका, सोपा आहे. रिव्हर्सचा बल्ब साधारण २१ वॅटचा, बॅटरी १२ व्होल्टची. २१ भागिले १२, म्हणजे बल्बमधून पावणेदोन अँपिअर वीज वाहते. १२ ला १.७५ नं भागा. बल्बचा विरोध आला सुमारे ७ ओहम. आता गंजलेल्या जोडानंही ७ ओहमचा विरोध केला तर? १२ व्होल्टमधले निम्मे गंज खाणार, बल्बला उरणार सहा. दाब निम्मा झाला, प्रवाहही जवळजवळ निम्मा झाला. म्हणजे बल्बला मिळणारी शक्ती स्थूलमानानं पाव. आणि तार कमी तापली की उजेड तर त्याहूनही झपाट्यानं घटतो. स्क्रूखालचा चिमूटभर गंज, पण दिव्याचा जीव घेतो तो असा!

पॉलिशपेपरनं घासून घासून पत्रा चकचकीत केला. वायरचं काळं पडलेलं टोक कापून आतली लालसर तांब्याची तार उघडी केली, तिला नवं गोल टोक बसवलं आणि नव्या स्क्रूनं घट्ट आवळलं. लोखंडाला टोक घट्ट टेकल्यावर मग वरून ग्रीस फासलं, पाणी शिरू नये म्हणून. डाव्या दिव्याचा अर्थ चांगला होता, तरी तोही साफ करून घेतला. दोघेही एकाच पावसात भिजलेले ना!

बॅटरी जोडली, किल्ली फिरवली, दादानं गिअर टाकला. दोन्ही दिवे पेटले. दिवसाउजेडी तेवढं कळलं नाही, पण संध्याकाळी काळोख पडल्यावर पुन्हा बघितलं, तर आंब्याच्या बुंध्यापर्यंतची वाट दिसत होती. गडगा दिसत होता, पऱ्याची कड दिसत होती, शेवाळ धरलेला दगडसुद्धा दिसत होता.

आई सवयीनं बॅटरी घेऊन उठली.

"आई, तू कुठं चाललीस?" दादानं विचारलं.

"मागे. तुला बघायला नको?"

"आता दिसतंय मला. तू बस."

आई थोडी हिरमुसली. इतकी वर्षं ते तिचं काम होतं. रात्रीच्या काळोखात, पावसात वाडीतल्या माणसांसाठी ती उभी राहत आली होती. मग पुतणीनंच तोड काढली. "आजी, तू मागे नको उभी राहूस. इकडे पायरीवर बाबांच्या आरशात दिसशील अशी उभी राहा. तू दिसेनाशी झालीस की बाबा थांबतील." आणि खरं सांगतो, हाच बरोबर नियम आहे. गाडी मागे घेताना मदत करणाऱ्यानं गाडीच्या वाटेत कधी उभं राहायचं नाही. बाजूला, ड्रायव्हरला दिसेल असं उभं राहायचं. तो दिसला नाही तर ड्रायव्हरनं गाडी हलवायची नाही.

तुम्हांला वाटेल, एवढ्याशा दिव्याचं एवढं काय? पण हा प्रश्न फक्त आमच्या वाडीचा नाही. २००२ साली अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एक वडील घराच्या दारात गाडी मागे घेत होते. ते स्वतः लहान मुलांचे डॉक्टर. ते जपूनच गाडी मागे घेत होते. पण त्यांचा दोन वर्षांचा मुलगा, कॅमेरॉन गुलब्रान्सन, गाडीच्या मागे आला होता. उंच गाडीच्या मागे इतकं लहान मूल आरशात दिसतच नाही. मूल गेलं. त्या वडिलांनी आपलं दुःख घरात कोंडून ठेवलं नाही. इतर आईबापांना बरोबर घेऊन ते सरकारकडे जात राहिले, बोलत राहिले. २००८ साली कॅमेरॉनच्या नावानं कायदा झाला आणि मे २०१८ पासून अमेरिकेतल्या प्रत्येक नव्या मोटारीला मागचं दाखवणारा कॅमेरा सक्तीचा झाला. आपल्याकडेही जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागे अडथळा आला की टीं-टीं वाजणारे सेन्सर बसवणं बंधनकारक झालं आहे.

पण जुन्या गाड्यांना ना कॅमेरा, ना सेन्सर. आपल्या रस्त्यांवर अशा कितीतरी जीपा, टेंपो, ट्रक धावत असतात. त्यांचा मागचा डोळा म्हणजे आरसा आणि हा पांढरा दिवा. आणि या दिव्याची कामं दोन आहेत बरं. एक, ड्रायव्हरला मागचं दाखवणं. दुसरं, मागच्या माणसाला सांगणं, "बाजूला हो, मी येतोय." म्हणून तर आपल्या मोटार वाहन नियमांत गाडीच्या मागे लाल सोडून दुसरा दिवा दाखवायची मनाई असली, तरी रिव्हर्सच्या पांढऱ्या दिव्याला त्यातून सूट दिलेली आहे. लाल म्हणजे "मी पुढे आहे". पांढरा म्हणजे "मी तुझ्याकडे येतोय".

तेव्हा मुलांनो, उभ्या असलेल्या गाडीच्या मागे लपाछपी खेळायची नाही. चेंडू गाडीखाली गेला तर आधी ड्रायव्हरच्या समोर जाऊन त्याला सांगायचं, मग मोठ्यांकडून काढून घ्यायचा. शाळेच्या दारात रिक्षा, जीप, बस उभी असेल आणि तिचा पांढरा दिवा लागला, तर धावत मागून पलीकडे जायचं नाही, बाजूला व्हायचं. आणि दिवा लागला नाही म्हणून गाडी मागे येणारच नाही, असंही समजायचं नाही. तो दिवा बंद पडलेला असू शकतो, आमच्या जीपसारखा.

आणि आईबाबांनो, तुम्हांलाही एक सांगायचं आहे. हेडलाइट गेला तर आपण त्याच दिवशी दुरुस्त करतो, कारण त्यावाचून आपलं अडतं. रिव्हर्स लाइट गेला तर महिनोन्‌महिने चालवून घेतो, कारण त्यावाचून अडतं ते मागे उभ्या असलेल्या माणसाचं.

तो तपासायला मिस्त्रीसुद्धा लागत नाही. आज रात्री गाडीची पाठ भिंतीकडे करून उभी करा. मुलांना पायरीवर बसवा. इंजिन बंद ठेवून, हँडब्रेक ओढून, नुसती किल्ली फिरवा आणि रिव्हर्स गिअर टाका. मग मुलांना विचारा, भिंतीवर पांढरे ठिपके किती? दोन दिवे असतील तर उत्तर दोन यायला हवं. एक आलं किंवा शून्य आलं, तर उद्या सकाळी वही-पेन्सिल काढा आणि विजेची वाट शोधायला निघा. खेकडा कुठंतरी सापडेलच.